अर्धा तीन

श्टुटगार्टला आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या आजींनी मला रविवारच्या कॉफीला बोलावलं. वेळ दिली 'हाल्ब द्राय'ची. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. अर्धा तीन. आमच्या ऑफिसातले इंग्लंडचे लोक 'हाफ थ्री' म्हणतात तेव्हा साडेतीन वाजलेले असतात, हे चार वर्षांच्या फोनवरच्या मीटिंगांनी मला शिकवलेलं होतं. शंकेला जागाच नव्हती. रविवारी तीन पंचवीसला हातात बेसनाच्या लाडवांचा डबा आणि चेहऱ्यावर वेळेआधी पोचलेल्या पुणेकराचं तेज घेऊन मी त्यांची बेल वाजवली.

आजींनी दार उघडलं, पण पुरतं नाही. आत टेबलावर दोन कप, दोन बशा. एक बशी वापरून झालेली, तिच्यात केकचा भुगा. थर्मासचं झाकण घट्ट लावलेलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग पुन्हा माझ्याकडे आणि म्हणाल्या, "आपलं हाल्ब द्राय ठरलं होतं."

मी म्हटलं, "हो ना, पाच मिनिटं लवकरच आले. चालेल ना?"

यानंतर इतकी शांतता झाली की त्यांच्या फ्रिजची घरघर मला दारातून ऐकू आली.

हाल्ब द्राय म्हणजे अडीच. दोन वाजले की जर्मन माणसाचा तिसरा तास सुरू होतो आणि तो अर्धा भरला की झाला अर्धा तीन. श्टुटगार्टकडचे लोक तर एवढ्यावरही थांबत नाहीत. सव्वादोनला ते 'फिर्टेल द्राय' म्हणतात, म्हणजे पाव तीन, आणि पावणेतीनला 'द्रायफिर्टेल द्राय', म्हणजे पाऊण तीन. हे ऐकून उत्तरेकडचे खुद्द जर्मनसुद्धा गडबडतात असं कळल्यावर मला जरा हुशारी आली. ती घरी पोचेपर्यंत टिकली.

घरी नवऱ्याला सगळं रामायण सांगितलं. हा माणूस दहावीला संस्कृतात पैकीच्या पैकी मिळवून बसलेला आहे आणि त्या गुणांचा उपयोग तो वर्षातून एकदाच करतो. नेमका तो दिवस निघाला. "अगं, मग अडीच म्हणजे दुसरं काय?" तो म्हणाला. "अर्धतृतीय. दोन पुरे आणि तिसरा अर्धा. त्याचंच झिजून अडीच झालं." दीडचंही तेच, त्याच्या पोटात दुसरा अर्धा आहे. आणि जर्मन लोक दीडला 'आन्डर्टहाल्ब' म्हणतात, तोही दुसरा अर्धाच. म्हणजे जन्मापासून मी रोज दोन वेळा अर्धा तीन वाजवत आले होते आणि नेमकी आजींच्या दारात उभी राहिले ती लंडनचं घड्याळ बघून.

पण हे सगळं नंतरचं. आजींच्या दारातली ती दुपार अजून संपली नव्हती.

आजींनी मोठ्या मनाने मला आत घेतलं. मी कृतज्ञतेने विरघळले आणि त्यांना 'दू' म्हणाले. दू म्हणजे तू, झी म्हणजे तुम्ही. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात पहिल्या आठवड्यात शिकवतात की परक्या मोठ्या माणसाला झी. (मॅक्सम्युलर साहेबांनी भारतात कधी पाऊल ठेवलं नाही. त्यांच्या नावाच्या वास्तूत मी जर्मनी न बघता जर्मन शिकले. फिट्टंफाट.) नियम मला पाठ होता, पण आजीला अहोजाहो करायला माझी जीभच वळेना. आपल्याकडे 'अगं आजी' असतं. आईला तू, मावशीला तू, देवाला तू. पंढरीच्या विठोबाला तर संतांनी तू म्हणून वर चार शिव्याही घातल्या. माझ्या लेखी तो 'दू' म्हणजे पदराला धरून बसणं होतं. आजींच्या लेखी, ओळख तीन आठवड्यांची, उशीर तासाभराचा, आणि वर ही मुलगी अरेतुरेवर आलेली. जर्मनीत 'चल, आता आपण दू म्हणू' हे वयाने मोठ्याने सुचवायचं असतं आणि त्याचा एक छोटासा समारंभ असतो, बारशासारखा. पोलिसाला दू म्हणणं हा अपमान होतो की नाही, यावर तिथल्या कोर्टांत खटले चाललेत. आजी कोर्टात गेल्या नाहीत. त्या मला फक्त दुप्पट ठसक्यात 'झी' म्हणायला लागल्या. बायको रागावली की नवऱ्याला एकदम 'आपण' म्हणते ना, तसं.

दुसऱ्या दिवशी मी चूक सुधारली आणि जिन्यात भेटलेल्या चार वर्षांच्या पोराला अदबीने विचारलं, "आपलं नाव काय?" ते पोर आईच्या मागे लपलं.

तर कॉफी. आजींनी थर्मास उघडला, माझ्या कपावर धरला आणि विचारलं, "कॉफी?" मी चेहरा भरून म्हटलं, "डांके!" डांके म्हणजे धन्यवाद, हे तर विमानातच शिकवतात. आजींनी थर्मास खाली ठेवला आणि झाकण लावलं. मग केक पुढे केला. "डांके!" केक मागे गेला. रिकामा कप आणि रिकामी बशी घेऊन मी हवापाण्यावर बोलत बसले. मनात म्हटलं, उशिराची शिक्षा असेल, खपवून घ्यावी.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण हे कुठल्याही पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं मला आढळलं नाही. जर्मन माणसाने काही देऊ केलं आणि तुम्ही नुसतं 'डांके' म्हणालात, तर त्याचा अर्थ 'नको'. हवं असेल तर 'बिटे' म्हणायचं, नाहीतर 'गेर्ने'. बरं, आपल्याकडे धन्यवाद म्हणायची पद्धत मुळातच नाही. कुणी कॉफी विचारली तर मराठी माणूस पहिल्यांदा 'नको नको' म्हणतो, दुसऱ्यांदा 'अहो खरंच नको, आत्ताच झाली', तिसऱ्यांदा 'बरं, अगदी अर्धा कप', आणि मग कपभर पितो. मी एक अक्षरही खोटं बोलले नव्हते. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा, पहिल्याच फेरीत, सरळ 'हो' म्हणाले होते.

मग लाडवांचा डबा उघडला. आजींनी एक खाल्ला, डोळे मिटले, छान आहे म्हणाल्या. मी दुसरा पुढे केला. त्या म्हणाल्या, "डांके." झालं! मला वाटलं, बाईला आवडलेत. ठेवला बशीत. तिसऱ्याला पुन्हा "डांके", यावेळी जरा घाईने. ठेवला. आमच्या घरात पाहुण्याचा हात आडवा आला तर तो बाजूला सारून वाढतात, तोंडी विरोधाला कोण विचारतं? आजी युद्धानंतरच्या टंचाईत लहानाच्या मोठ्या झालेल्या, बशीतलं टाकायचं नाही या पिढीच्या. त्यांनी एकामागून एक चार लाडू संपवले. साजूक तुपातले, पुण्याच्या मापाचे. जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष, हा किस्सा तिकडून परतलेला प्रत्येक जण सांगतो म्हणून मी सांगणार नव्हते. पण चौथ्या लाडवाला आजींच्या मनात तोच शब्द आला असावा. पुढचे दोन दिवस त्या जिन्यात दिसल्या नाहीत.

या प्रकारावर मी पुष्कळ विचार केला, कारण कॉफी न मिळालेल्या माणसाला विचार करायला वेळ असतो. माझ्या लक्षात आलं की माझी मराठी आणि त्यांची जर्मन यांच्यात इंग्रजी नावाचा एक दलाल बसलाय. घड्याळ विचारलं तर आधी त्याच्याकडे जातं, आभार मानायचे तर त्याच्यामार्फत, तू-तुम्ही करायचं तर त्याच्याकडे सगळ्यांना एकच 'यू'. दोन्ही घरांत अडीच आहे, तू-तुम्ही आहे, प्रत्येक वस्तूला तो-ती-ते आहे, आणि मधला हा गडी ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्याच्याकडून मी भाषांतर करून घेत होते. दलालीही भरपूर दिली.

तो-ती-ते वरून आठवलं. जर्मनमध्ये मुलीला 'दास मेडशेन' म्हणतात, म्हणजे 'ते' मुलगी, नपुंसकलिंगी. आमच्या वर्गातल्या दिल्लीच्या मुलांनी यावर हसून हसून बाकं बडवली. गोव्याचा एक मुलगा होता, तो मात्र गप्प. कोकणीत 'तें चेडूं' म्हणतात, त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्याला कळेना. पुढच्या परीक्षेत लिंगांच्या प्रश्नात त्याला सगळ्यात जास्त मार्क पडले.

आकड्यांचं तर विचारूच नका. आमचा नळ गळायला लागला. घरमालकाने फोनवर प्लंबरचा नंबर सांगितला. जर्मन माणूस ८७ असं म्हणत नाही, 'सात-आणि-ऐंशी' म्हणतो. मी कानावर पडेल तसा लिहीत गेले, आधी सात, मग आठ. नंबर लागला एका निवृत्त गृहस्थांना. त्यांनी शांतपणे सांगितलं की मी प्लंबर नाही. मी पुन्हा तपासून फिरवला, तेच गृहस्थ. संध्याकाळी तिसऱ्यांदा फोन गेला तेव्हा माझं 'हॅलो' पुरं व्हायच्या आत त्यांनीच विचारलं, "नळ अजून गळतोय?"

आता सांगा, सत्त्याऐंशी म्हणताना आपण काय करतो? आधी सात, मग ऐंशी. पंचवीस म्हणजे पाच-वीस. तीच रचना, तोच क्रम. लहानपणी 'सत्त्याऐंशी' ऐकून ८७ लिहिताना माझा हात कधी अडला नाही. पण गेली वीस वर्षं मी मराठी माणसालाही फोन नंबर 'नाइन एट टू टू' असाच सांगतेय, तुम्हीही सांगताय. हाताची ती सवय मोडून गेली. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', बावीसला 'वीस दोन' अशी वाचायची पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, आठवतंय? मीही तावातावाने बोलले होते. आता कळतं की जर्मनीतही तेच भांडण चालू आहे. बोखुममध्ये २००४ पासून एक संस्थाच आहे. 'एक-आणि-वीस'ऐवजी 'वीस-एक' म्हणू द्या एवढीच तिची मागणी, आणि संस्थेचं नावही तेच, वीस-एक. मी सभासद व्हावं म्हणतेय, पण त्यांच्या फोन नंबरची भीती वाटते.

जरा सावरते आहे असं वाटलं तेवढ्यात कळलं की श्टुटगार्टचे लोक जर्मन बोलतच नाहीत, श्वेबिश बोलतात. आम्हाला सगळं येतं, फक्त शुद्ध जर्मन तेवढं येत नाही, अशा अर्थाची जाहिरात श्टुटगार्ट ज्यात येतं त्या राज्याने १९९९ मध्ये सरकारी पैशाने केली आणि पुढे कितीतरी वर्षं तिचा अभिमान बाळगला. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्याने 'आम्हाला प्रमाण मराठी येत नाही' असं एस.टी.वर रंगवलं असतं तर साहित्य संमेलनात ठराव झाला असता.

श्वेबिश मला भेटली ती कपाट चढवताना. जुनं ओक लाकडाचं कपाट, तीन मजले, लिफ्ट नाही. खालच्या बाजूला वरच्या मजल्यावरचा शेजारी, वरच्या बाजूला मी. नवऱ्याची पाठ आदल्याच दिवशी धरली होती, योगायोग म्हणा. वळणावर शेजाऱ्याचा पाय सरकला आणि तो ओरडला, "हेब!" पुस्तकातलं क्रियापद, हेबन, म्हणजे उचलणे. मी उचललं. वरून कपाट उठल्यावर सगळं वजन त्याच्या अंगावर गेलं. तो आणखी मोठ्यांदा, "हेब! हेब!" मी आणखी उचललं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, आणि मी दातओठ खाऊन कपाट छताकडे नेते आहे. शेवटी कपाटाचा पाय भिंतीत घुसला तेव्हा ते थांबलं. श्वेबिशमध्ये हेबन म्हणजे धरणे. बिचारा 'धर! धर!' म्हणत होता. उचलायचं असेल तर ते 'लुप्फ' म्हणतात. भिंतीतला तो खळगा अजून आहे. पाहुणे विचारतात तेव्हा आम्ही भाषाशास्त्राचं कारण सांगतो.

एका बाबतीत मात्र श्वेबिशने मला माहेरची माया दिली. गुडघा दुखत होता म्हणून डॉक्टरकडे गेले आणि भीत भीत पुस्तकातले शब्द जुळवू लागले. पावलाला एक शब्द, तंगडीला दुसरा, चुकला तर भलत्याच जागी प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, सरळ 'फूस' म्हणा, आमच्याकडे कमरेपासून अंगठ्यापर्यंत सगळा फूसच. म्हणजे पाय! आपला पाय! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्यांना वाटलं गुडघ्यामुळे.

राहता राहिली पाटी. एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला एक पुठ्ठ्याची पाटी लटकलेली, 'केअरवोखे'. झाडायचा आठवडा. ज्याच्या दारावर ही पाटी त्याने तो आठवडा जिना झाडून-पुसून ठेवायचा आणि मग पाटी शेजारच्या दारावर अडकवायची. मला यातला फक्त शेवटचा भाग कुणीतरी सांगितला होता. हळदीकुंकवाचं आमंत्रण जसं पुढच्या घरी द्यायचं तशी मी ती पाटी त्याच संध्याकाळी समोरच्यांना देऊन टाकली. पाटी आपल्याकडे एवढ्या लवकर कशी, म्हणून समोरचे चक्रावले, पण नियमाला जागणारी माणसं, दोन आठवडे झाडत राहिली. शहराने ही सक्ती १९८८ मध्येच, महापौर मानफ्रेड रोमेल यांच्या काळात काढून टाकली. भाडेकरारांतून आणि शेजाऱ्यांच्या नजरेतून ती काही निघाली नाही. पुढच्या खेपेला मी मन लावून जिना धुतला. आपल्या पद्धतीने, वरून दोन बादल्या पाणी सोडून, खराट्याने. ते पाणी तळमजल्यावर आजींच्या पायपुसण्यापर्यंत गेलं.

आजी बाहेर आल्या. पायपुसणं पिळलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ऐक. आता आपण दू म्हणायला हरकत नाही." इतकं सगळं भोगल्यावर परकेपणा ठेवण्यात त्यांनाही अर्थ दिसला नसावा. वर विचारलं, "कॉफी?"

"गेर्ने," मी म्हटलं.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी तिकडेच जन्मली, आजींच्या मांडीवर घड्याळ वाचायला शिकली. गेल्या मे महिन्यात तिला घेऊन पुण्याला आले होते. माझी भाची सातवीत आहे, कोथरूडच्या एका इंग्रजी शाळेत. तिला फोनवर म्हटलं, "उद्या अडीचला ये गं, अळूवड्या केल्यात." पलीकडून प्रश्न, "मावशी, अडीच म्हणजे?" मी उत्तर देणार तेवढ्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीने फोन ओढून घेतला. अडीच तिला पक्कं ठाऊक होतं, हाल्ब द्राय! मावसबहिणीला जर्मन येत नाही हे लक्षात घेऊन तिने समजूतदारपणे तिच्यासाठी इंग्रजी केलं. म्हणाली, "हाफ थ्री."

भाची साडेतीनला आली. अळूवड्या संपल्या होत्या.